जुन्या सीडीची सुधारून वाढविलेली आवृत्ती

मराठी ग्रंथाच्या अखेरीस शुद्धिपत्र जोडण्याची प्रथा जुनी आहे. पृष्ठ, ओळ, अशुद्ध व शुद्ध असे चार रकाने त्यात असतात. दक्ष वाचक प्रथम शुद्धिपत्र उघडतो, लेखणी घेऊन दुरुस्त्या जागच्या जागी करतो आणि मगच वाचनास आरंभ करतो. असे वाचक थोडे. बाकीच्यांना चूक आधी भेटते आणि शुद्धिपत्र पुस्तक संपल्यावर. ग्रंथाच्या बाबतीत याने फारसे बिघडत नाही. संगणकाच्या बाबतीत मात्र हाच क्रम एके काळी मोठ्या अनर्थास कारण झाला.

मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज एक्सपी ही कार्यप्रणाली २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आली. कार्यप्रणाली म्हणजे यंत्राकडून काम करवून घेणारी मूळ आज्ञावली. तिच्यावाचून संगणक म्हणजे नुसता डबा. एवढ्या विस्तृत रचनेत दोष राहणे अपरिहार्यच होते. ते जसजसे उमगले तसतशा दुरुस्त्या निघाल्या, आणि वेळोवेळी त्या एकत्र बांधून ‘सर्व्हिस पॅक’ या नावाने देण्यात आल्या. पहिला २००२ साली निघाला, दुसरा २००४ साली आणि तिसरा व अखेरचा २००८ साली. परंतु ज्याच्या घरी २००१ ची सीडी होती, त्याच्या सीडीवरील मजकूर काही बदलत नव्हता. डिस्क बिघडली की तो तीच सीडी घालणार आणि २००१ सालचे सर्व दोष पुन्हा नव्याने बसविणार.

खरी मेख येथे होती. १६ जुलै २००३ रोजी कंपनीने एका दोषाची दुरुस्ती प्रसिद्ध केली, आणि ऑगस्टमध्ये त्याच दोषातून शिरणारा ‘ब्लास्टर’ नावाचा कृमी जगभर पसरला. कोणी पत्र उघडावे, कोणी कळ दाबावी, याची त्याला गरज नव्हती. संगणक इंटरनेटला जोडलेला असणे पुरेसे होते. पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू होई आणि यंत्र आपोआप बंद पडून पुन्हा चालू होई. पुढल्या वर्षी एप्रिलच्या अखेरीस ‘सॅसर’ आला, तोही याच जातीचा. त्याचीही दुरुस्ती १३ एप्रिललाच निघालेली होती. मूळ एक्सपीत संरक्षक भिंत होती, पण ती चालू करून दिलेली नसे. तशी ती मिळू लागली दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून. त्यामुळे नव्याने संगणक मांडणाऱ्याची अवस्था मोठी चमत्कारिक होई. दुरुस्ती हवी तर इंटरनेटला जोडले पाहिजे, आणि जोडताच दुरुस्तीच्या आधी कृमी येण्याचे भय. दुसरा सर्व्हिस पॅक अडीचशे मेगाबाइटांहून मोठा. दूरध्वनीच्या तारेवरील ५६ किलोबिटांच्या मोडेमने तो पूर्ण वेगाने आणला तरी दहा तास लागावयाचे. वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

यावरचा उपाय छापखान्यातल्यासारखा सरळ होता. शुद्धिपत्र वेगळे न जोडता दुरुस्त्या मूळ मजकुरातच घालून नवी आवृत्ती काढावयाची. तंत्रज्ञ यास ‘स्लिपस्ट्रीमिंग’ म्हणतात. मूळ सीडीवर ‘आय३८६’ नावाचे फोल्डर असते. त्यात कार्यप्रणालीच्या हजारो फाइली, पुष्कळशा दाबून लहान केलेल्या, ठेवलेल्या असतात. प्रथम संपूर्ण सीडीची नक्कल दुसऱ्या, चालत्या संगणकाच्या डिस्कवर उतरवून घेतात. मग सर्व्हिस पॅकची पूर्ण फाइल ‘इंटिग्रेट’ ही सूचना जोडून चालवितात व तिला त्या नकलेचा पत्ता देतात. अशा वेळी सर्व्हिस पॅक त्या संगणकावर बसत नाही. तो नकलेत शिरून जुन्या फाइलींच्या जागी नव्या ठेवतो. तिसऱ्या पॅकने मागल्या दोहोंच्या दुरुस्त्या पोटात घेतलेल्या असल्याने तो एकटा पुरतो. मात्र सीडीची व पॅकची भाषा एकच हवी, आणि ६४ बिटांच्या एक्सपीसाठी तिसरा पॅक निघालाच नाही, हे ध्यानात ठेवणे बरे.

नवशिका हमखास चुकतो तो याच्या पुढल्या पायरीवर. फाइली नव्या सीडीवर बिनचूक उतरतात, पण संगणक तिच्यावरून सुरूच होत नाही. कारण सीडीचा आरंभक भाग, ज्यास बूट सेक्टर म्हणतात, फाइलींच्या यादीत दिसत नाही. तो मूळ सीडीतून वेगळा काढून नव्या सीडीत बसवावा लागतो. ‘एनलाइट’ नावाची एक उपयुक्त आज्ञावली ही सारी कामे एका ओळीने करून देते.

लाभ केवळ कृमींपासून रक्षणाचा नव्हे. मूळ एक्सपी डिस्कवरील जागा २८ बिटांच्या क्रमांकाने मोजी. त्या क्रमांकात २६,८४,३५,४५६ खंड मावतात. प्रत्येक खंड ५१२ बाइटांचा, म्हणजे एकूण सुमारे १३७ गिगाबाइट. डिस्क याहून मोठी असली तरी उरलेली जागा तिच्या हिशेबी नाहीच. ही मर्यादा पहिल्या सर्व्हिस पॅकपासून उठली. नव्या पद्धतीच्या साटा डिस्कची गोष्टही अशीच. तिचा चालक एक्सपीच्या सीडीवर नसला तर तो ‘एफ६’ कळ दाबून फ्लॉपीवरून द्यावा लागे, आणि फ्लॉपीची खाच तर संगणकांवरून केव्हाच नाहीशी झाली! हा चालकही त्याच नव्या सीडीत घालून ठेवता येतो.

तरीही ही आवृत्ती २००८ पर्यंतचीच. त्यानंतर ८ एप्रिल २०१४ पर्यंत निघालेल्या दुरुस्त्या तिच्यात नाहीत, आणि त्या दिवशी एक्सपीचा सर्वसाधारण सांभाळ संपला. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ ज्या दोषातून पसरला तो एक्सपीतही होता. त्यासाठी कंपनीला अपवाद म्हणून खास दुरुस्ती काढावी लागली. म्हणून आज अशी सीडी वापरावयाची ती एखाद्या जुन्या लेथसाठी वा प्रयोगशाळेतील उपकरणासाठी, ज्याची आज्ञावली नव्या कार्यप्रणालीवर चालत नाही. आणि तीही जाळ्याची तार काढून ठेवून. बसवणी पुरी झाल्यावर ‘माय कॉम्प्युटर’चे गुणधर्म उघडून तेथे ‘सर्व्हिस पॅक ३’ ही अक्षरे आहेत ना, एवढे पाहावे. नसतील तर चुकून जुनीच सीडी आत गेली आहे.