उकळीनंतरचा गॅस

सकस जेवण घरी करायचं तर गॅस जास्त जळतो, असा समज रुजलेला दिसतो. नूडल्सचं पाकीट पाच मिनिटांत होतं. उलट हरभऱ्याची उसळ, वरण, उकड्या तांदळाचा भात आणि पालेभाजी असा बेत असला की शेगडी तासभर पेटती राहते. ही तुलना वरवर खोटी नाही. पण पातेल्याखालची उष्णता नेमकी कुठे जाते हे पाहिलं, तर खर्चाचा मोठा भाग उसळीच्या खात्यावर टाकता येत नाही, तो वाफेच्या खात्यावर जातो. आणि जी वाफ गॅस खाते, तिच्यासाठी घातलेलं जादा पाणी बरेचदा अन्नातला कसही घेऊन जातं. काटकसर आणि पोषण यांची या एका ठिकाणी चांगली गाठ पडते.

आधी आकडे. २५ अंशांचं एक लिटर पाणी उकळीला आणायला सुमारे ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी आटवून संपवायचं तर त्यावर आणखी २,२५० किलोज्यूल, म्हणजे सातपट. घरगुती शेगडी जळलेल्या गॅसची ६० टक्के उष्णता भांड्याला देते असं धरलं, तर उकळीला ११-१२ ग्रॅम गॅस पुरतो आणि आटवायला ८० ग्रॅमच्या वर लागतो. शिवाय एकदा उकळी फुटली की पाणी १०० अंशांच्या पुढे जात नाही. महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ लाच थांबतं. म्हणून मोठ्या आचेवर रटरटणारी डाळ मंद आचेवर खदखदणाऱ्या डाळीपेक्षा लवकर शिजत नाही, तिच्यातून फक्त वाफ जास्त निघते. वरण, भाजी, चहा, दूध अशा सगळ्या भांड्यांतून मिळून दिवसाला अर्धा लिटर पाणी उगाच उडत असेल, तर वर्षाकाठी त्यापायी १४.२ किलोचा एक अख्खा सिलिंडर जळतो.

जुन्या मराठी स्वयंपाकाला हे आकडे माहीत नव्हते, पण त्यातली एक पद्धत या हिशेबात चपखल बसते. भाजी परतून झाली की कढईवर खोलगट ताटली ठेवायची आणि त्या ताटलीत पाणी घालायचं. आतली वाफ वरच्या थंड ताटलीला लागून पुन्हा थेंब होऊन भाजीवर पडते, त्यामुळे भाजी खाली लागत नाही आणि पाणी मोजकंच लागतं. वरचं पाणी फुकट तापतं, आणि रस हवा असेल तर तेच गरम पाणी आत ओतता येतं. यात पालेभाजीचा दुहेरी फायदा आहे. ‘क’ आणि ‘ब’ गटातली जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. भाजी भरपूर पाण्यात उकडून पाणी टाकलं की तीही मोरीत जातात. भात वेळून पेज फेकणाऱ्या घरात हेच होतं. कोकणात पेज पितात, तिथे हा तोटा नाही. झाकणामुळे मेथी-पालकाचा रंग काळपट होतो, ही तक्रार मात्र खरी आहे. पहिली दोन मिनिटं झाकण उघडं ठेवलं तर रंग बराचसा टिकतो. त्यापेक्षा जास्त हिरवेपणाचा हट्ट मला तरी परवडणारा वाटत नाही.

कुकरची गोष्ट थोडी निराळी. आतला दाब वाढला की पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं आणि डाळ एरवीपेक्षा कितीतरी लवकर मऊ होते. पण आपण कुकर शिट्ट्यांवर मोजतो, आणि तिथेच घोळ होतो. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडल्याचा आवाज. त्याच कुकरला मोठ्या आचेवर चार मिनिटांत पाच शिट्ट्या होतील, मंद आचेवर दहा मिनिटांत एकच होईल, आणि डाळ दुसऱ्या वेळी जास्त शिजलेली असेल. पहिली शिट्टी झाली की आच अगदी बारीक करून मिनिटं मोजावीत. गॅस बंद केल्यावर दाब उतरेपर्यंतही अन्न शिजतच असतं. चमच्याने शिट्टी उचलून वाफ सोडणं म्हणजे विकत घेतलेली उष्णता खिडकीबाहेर टाकणं. भात, वरण आणि एखादी उकडायची भाजी एकावर एक भांड्यांत लावली तर तळाला घातलेलं वाटी-दोन वाटी पाणी तिघांचं काम करतं. कोलकात्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० च्या सुमारास काढलेला इकमिक कुकर आणि पुण्याच्या ‘आरती’ संस्थेचा सराई कुकर, दोन्ही याच रचनेवर चालतात. खाली मोजका कोळसा, वर डब्यांची उतरंड. त्यात आच वाढवायची सोयच नाही, म्हणून उधळायचीही नाही.

कडधान्यांवरचा आक्षेप जास्त गंभीर आहे. ती शिजायला वेळ घेतात हे खरंच. पण रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्याला कोरड्या हरभऱ्यापेक्षा पुष्कळ कमी आच लागते, आणि मोड आलेली मटकी तर कढईत झाकणाखालीही शिजते. मोड येताना ‘क’ जीवनसत्त्व तयार होतं आणि लोह शोषायला आड येणारं फायटेट कमी होतं. बोअरवेलच्या जड पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून काही घरांत सोडा टाकतात. त्याने गॅस वाचतो, पण थायमिन नासतं. पिण्याचं गोडं पाणी डाळीपुरतं वापरणं बरं. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ मऊ झाल्यावरच घालावेत, कारण आंबटामुळे दाणा कडक राहतो. एका बाबतीत मात्र काटकसर नको. राजमा भिजवून, ते पाणी टाकून, निदान दहा मिनिटं खळखळून उकळलाच पाहिजे, नुसत्या उबेवर ठेवला तर त्यातला विषारी घटक नष्ट होत नाही.

भिजवण्याची आठवण ठेवायची कुणी, हा प्रश्न यानंतर येतोच आणि तो टाळता येत नाही. बहुतेक घरांत ती बाईच असते, आणि तिच्या कामात भर घालून गॅस वाचवला तर ती बचत कसली? मात्र इथे सांगितलेल्या बहुतेक गोष्टी काम कमी करणाऱ्या आहेत. झाकलेल्या, मंद आचेवरच्या भांड्यापाशी उभं राहावं लागत नाही. मोड आणण्याचं काम जास्त, ते जमेल तेव्हा; भिजवण्यासाठी मूठभर धान्य पाण्यात टाकणं घरातल्या कुणालाही जमतं. भाकरी-पोळीत वाचवण्यासारखं फारसं नाही. तवा एकदा तापला की सगळ्या एका दमात करून घ्याव्यात, एवढंच.

मग सरळ इंडक्शनच का घेऊ नये? घ्यावं, पण हिशेब करून. एका सिलिंडरमधून भांड्याला प्रत्यक्ष मिळणारी उष्णता इंडक्शनवर घ्यायची तर साधारण १२५ ते १३० युनिट वीज लागते. त्या युनिटांना आपल्या बिलातला शेवटच्या टप्प्याचा दर लावून सिलिंडरच्या किमतीशी ताडून पाहावं, सरासरी दर लावून नव्हे, कारण वाढीव वीज वरच्या टप्प्यातच पडते. १०० युनिटांच्या आत राहणाऱ्याचं आणि ३०० ओलांडणाऱ्याचं उत्तर त्यामुळे एक येणार नाही. आणि उघडं पातेलं इंडक्शनवर ठेवलं तरी वाफ उडतेच.

वर्षाला एका सिलिंडरने काय मोठा फरक पडतो, असं मध्यमवर्गीय घर म्हणू शकतं. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेतल्या घरात हा फरक वेगळ्या मापाने मोजावा लागतो. तिथे सिलिंडर संपला आणि दुसऱ्याला पैसे नसले की चूल पेटते, आणि धूर पुन्हा घरात येतो. टाकी जितकी लांबेल तितके धुराचे दिवस कमी. २०२१ पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात जोडणीबरोबर शेगडी आणि पहिला सिलिंडर मोफत मिळतो. कुकर मात्र ज्याचा त्याने घ्यायचा.