पाण्यात बुडणारे म्पिंगो

म्पिंगोचे झाड पाहून त्याच्या मोलाचा अंदाज कुणालाही येणार नाही. काटेरी, वेडेवाकडे, बऱ्याचदा बुंध्यापासूनच अनेक खोडे फुटलेले आणि उंचीला फार तर १५ मीटर. दक्षिण टांझानिया आणि उत्तर मोझांबिकच्या कोरड्या रानात ते इतके सावकाश वाढते, की तोडण्याजोगे व्हायला ७० ते १०० वर्षे जातात. आपल्या शिसवाचे हे सख्खे भावंड. दोघेही डालबर्जिया या एकाच प्रजातीतले. टांझानियाने तर त्याला राष्ट्रीय वृक्षाचा मान दिला आहे.

मोल आहे ते गाभ्याला. बाहेरची पिवळट-पांढरी पातळ कड निघाली, की आत जांभळट झाक असलेले काळेभोर लाकूड लागते. त्याच्या एका घनमीटरचे वजन १,२०० किलोंच्या आसपास, म्हणजे सागवानाच्या जवळजवळ दुप्पट. साहजिकच पाण्यात टाकले की ते तळ गाठते. करवतीची धार त्यापुढे पटकन बोथट होते, भुशाने काहींच्या अंगावर पुरळ उठते. पण लेथवर चढवले, की हेच अडेल लाकूड शहाण्यासारखे वागते. बारीक भोके पाडा, आटे पाडा; कड सहसा तुटत नाही. अंगात तेल असल्याने श्वासातला ओलावाही त्यात चटकन मुरत नाही.

म्हणून क्लॅरिनेट, ओबो आणि स्कॉटिश बॅगपाइप बनवणाऱ्यांना ते प्रिय. क्लॅरिनेट पूर्वी बॉक्सवूडचे असे. चाव्यांची यंत्रणा वाढत गेली तसे एकोणिसाव्या शतकात हे काळे लाकूड पुढे आले. त्याच्यामुळे सूर गोड होतो, असे वादक शपथेवर सांगतात. नादशास्त्राचे म्हणणे वेगळे: आवाज करतो तो नळीतला हवेचा स्तंभ. लाकडाचे खरे श्रेय आपला आकार न सोडण्यात आहे, आणि ते काही कमी नाही.

त्यासाठी नासाडी मात्र भयंकर. तडे, गाठी आणि पीळ वगळता ओंडक्याचा जेमतेम दहावा हिस्सा वाद्याच्या कामी येतो. बुफे क्रॅम्पॉन या फ्रेंच कंपनीने त्यावर तोड काढली. या लाकडाची पूड आणि थोडे कार्बनचे धागे दाबून ती ‘ग्रीनलाइन’ वाद्ये बनवते.

वाद्यांना न चालणारे वाकडे तुकडे तिथल्या माकोंडे जमातीच्या कारागिरांना चालतात. एकमेकांच्या खांद्यावर चढलेल्या माणसांचा अख्खा मनोरा ते एकाच ओंडक्यातून कोरतात. त्याला ‘उजामा’ शिल्प म्हणतात. पर्यटकांच्या बाजारात हलक्या लाकडाला बुटाचे काळे पॉलिश फासून नकलाही खपतात. हातात घेतल्यावर वजनच चोरी उघड करते.

२०१७ पासून डालबर्जियाच्या जवळपास सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरील कराराखाली परवान्याने बांधला गेला. परदेश दौऱ्यावर निघालेल्या वादकांची त्यात पंचाईत झाली, तेव्हा २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली. कच्च्या लाकडावरचे बंधन कायम आहे, आणि ते योग्यच.

नुसत्या बंधनाने जंगल टिकत नाही. टांझानियाच्या २००२ च्या वनकायद्याने गावांना आपले जंगल राखण्याचा आणि त्यातली लाकूडविक्री करण्याचा हक्क दिला. किल्वा जिल्ह्यातल्या गावांनी तो वापरून २००९ मध्ये जबाबदार वनव्यवस्थापनाचे एफएससी प्रमाणपत्र मिळवले. आज लावलेले रोप नातवंडांच्या काळात कामी येणार. तोवर उभे जंगल राखायचे, तर ओंडक्याचा पैसा गावात राहणे हाच त्यातल्या त्यात भरवशाचा उपाय दिसतो.