बाकापासून बाकापर्यंत



चौतीस वर्षं मी नर्स म्हणून नोकरी केली. ऑपरेशननंतर दुसऱ्याच दिवशी कण्हणाऱ्या पेशंटला हाताला धरून उठवायचं आणि "चला, चार पावलं टाका" म्हणायचं, हे माझं रोजचं काम. पण दोन वर्षांपूर्वी मीच उठेनाशी झाले. घराजवळच्या फुटपाथवर एक पेव्हर ब्लॉक वर आला होता. पाय अडखळला, हात टेकला आणि मनगट मोडलं. हाड सहा आठवड्यांत जुळलं, भीती मात्र गेली नाही. भाजी दारात येऊ लागली, औषधं फोनवर. शब्बाथला चालत सिनेगॉगला जाणं सुटलं. वर्षभरात खुर्चीवरून उठताना दोन्ही हात टेकावे लागू लागले. याचा अर्थ नर्सला वेगळा सांगावा लागत नाही. मांड्यांचे स्नायू गेले, की पुढच्या वेळी मोडतो तो खुबा.

अशा अवस्थेत लेकीनं मला दोन महिन्यांसाठी जपानला नेलं. ती आणि जावई ग्योतोकुला राहतात. हे गाव टोकियोला अगदी लागून, चिबा प्रांतातल्या इचिकावा शहराचा भाग. जवळच्या निशी-कासाईत आणि या पट्ट्यात आपली बरीच मराठी कुटुंबं नोकरीनिमित्त राहतात. १९६९ साली इथं मेट्रोचं स्टेशन झालं आणि भातशेतीच्या, पाणथळ जमिनीवर इमारती उभ्या राहिल्या. त्याआधी कित्येक शतकं ग्योतोकु प्रसिद्ध होतं ते मिठासाठी. इथलं मीठ होड्यांतून एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला जाई. माझं माहेर पेणजवळचं, मिठागरं बघतच वाढले. त्यामुळे हे ऐकल्यावर परकं गाव थोडं आपलं वाटलं.

लेक-जावई ऑफिसला गेले, की घरी मी एकटी. तिसऱ्या दिवशी खिडकीतून पाहिलं, तर नात पाठीवर दप्तर घेऊन इतर मुलांबरोबर रांगेनं चालत शाळेत निघाली होती. बरोबर मोठं कुणी नाही. सात वर्षांची पोर जाते आणि मी दारात उभी! काठी घेतली आणि खाली उतरले. समोर एक लहानशी बाग होती, त्यात बाक होता. तिथवर गेले, बसले, परत आले. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी त्या बाकावर बसून पुढचा बाक कुठे दिसतो ते पाहिलं. असं करत करत दहा-बारा दिवसांत स्टेशनजवळच्या बागेपर्यंत पोचले. मग लक्षात आलं, की माझ्या पायांत एकाएकी जादू झाली नव्हती. रस्ता मला मदत करत होता.

मोठ्या रस्त्यांचे फुटपाथ सपाट होते आणि चौकात आल्यावर उताराने रस्त्याला टेकत होते. पाऊल उंच उचलावं लागत नव्हतं. झाडांची सावली होती. बागेत स्वच्छतागृह होतं. आपल्या वयात हे किती महत्त्वाचं, ते सांगायला नको. लघवीला कुठे जायचं या काळजीनं आपल्या कितीतरी बायका पाणी पीत नाहीत आणि घराबाहेरही पडत नाहीत. फुटपाथवर पिवळ्या उंचवट्यांच्या फरशा होत्या. अंधांना पायाने वाट कळावी म्हणून सेइइची मियाके यांनी १९६५ साली त्या शोधून काढल्या आणि १९६७ साली ओकायामा शहरात त्या प्रथम बसवल्या. आता आपल्या मेट्रो स्टेशनांतही त्या दिसतात. जपानमध्ये काही चौकांत खांबावर एक खास बटण असतं. म्हाताऱ्या माणसानं ते दाबलं, की हिरवा दिवा थोडा जास्त वेळ राहतो.

एका रविवारी जावयांनी नदीपलीकडे एदोगावा भागात नेलं. तिथं फुरुकावा नावाचा पाण्याचा पाट आहे. ग्योतोकुचं मीठ एके काळी याच पाटानं जायचं. पुढे नवा कालवा झाला आणि हा मागे पडला. कारखाने, वस्ती वाढल्यावर त्याचं गटार झालं. बुजवून टाकावं असा विचार होता. पण तसं न करता त्यात स्वच्छ पाणी सोडलं, काठाने झाडं लावली, चालायची वाट केली. १९७३ साली हा सव्वा किलोमीटरच्या आसपासचा पट्टा खुला झाला. पाण्याशी जवळीक साधणारी ही जपानमधली पहिली बाग. आज एकट्या एदोगावात अशा बागा आणि हिरव्या वाटा मिळून सुमारे २७ किलोमीटर आहेत. काठावर आजोबा बसले होते, मुलं पाण्यात पाय घालून खेळत होती. मला आपल्याकडचे नाले आठवले आणि गप्प बसले.

सगळंच छान होतं असंही नाही. ग्योतोकुच्या जुन्या भागात गल्ल्या अरुंद आहेत. तिथं फुटपाथ नाही, फक्त रस्त्याच्या कडेला पांढरी रेघ. सायकली फुटपाथवरून येतात, मी दोनदा दचकले. म्हणजे तिथल्या माणसांनाही सगळं आयतं मिळालेलं नाही. गटाराची बाग करायची की सडक, हे कुणीतरी ठरवावं लागतं.

निघण्याच्या आठवड्यात मी एदो नदीच्या जुन्या पात्राकाठी चालत गेले. तिथं १८१२ साली उभारलेला दगडी दीपस्तंभ आहे. होडीनं येणाऱ्या यात्रेकरूंना तो धक्का दाखवायचा. वाटेत चार वेळा बसले, पण गेले आणि चालतच परत आले. त्या रात्री जेवणाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठले. लेकीनं पाहिलं, बोलली काही नाही, डोळे पुसले.

वाचकहो, दहा हजार पावलांचा धसका घेऊ नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावावरून रूढ झाला. २०१९ साली अमेरिकेत सरासरी ७२ वर्षांच्या सुमारे सतरा हजार बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं. साडेसात हजारांनंतर त्यात आणखी फरक पडला नाही. म्हणजे थोडंही पुष्कळ आहे.

आता घरी परतून आठ महिने झाले. तो पेव्हर ब्लॉक अजून तसाच आहे. पण मी घरात बसले नाही. सोसायटीतल्या आम्ही चौघी वही घेऊन निघालो. गेटपासून औषधाच्या दुकानापर्यंत कुठे खड्डा, कुठे उंच पायरी, कुठे सावली नाही, सगळं लिहिलं, फोटो काढले आणि वॉर्ड ऑफिसात अर्ज दिला. भारतीय रस्ते परिषदेच्या नियमावलीत फुटपाथ किमान १.८ मीटर रुंद मोकळा आणि १५ सेंटीमीटरहून उंच नसावा असं आहे. तेही अर्जात लिहिलं. उत्तराची वाट पाहतोय. आपल्याकडे होणारच नाही असं म्हणू नका. पुण्याचा जंगली महाराज रस्ता बघा, रुंद फुटपाथ आणि बसायला जागा केल्याच आहेत. सोसायटीनं मात्र लगेच ऐकलं. गेटपाशी बदामाच्या झाडाखाली एक बाक आला. दुसरा वळणावरच्या दुकानदारानं ठेवला.

तुम्हीही चालायला लागण्याआधी एवढं करा. खुर्चीवरून हात न टेकता उठता येतं का ते पाहा. येत नसेल, तर भक्कम, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून जवळ कुणी असताना रोज उठ-बस करा, आधी हात टेकून. उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, तर रक्तदाबाच्या आणि झोपेच्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. डोळे तपासून घ्या. हात सैल सोडून ताठ उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेघेशी यावी. एकच पाय दुखत असेल, तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरा. स्लीपर नको, मागे पट्टा असलेली पायताणं घाला.

आणि मग फक्त पहिल्या बाकापर्यंत जा. बाक नसेल, तर मागा.

मागच्या शब्बाथला मी चालत सिनेगॉगला गेले. दोन ठिकाणी बसले. पोचायला उशीर झाला, पण पोचले.