यंत्राची ओळख : कानातला बिल्ला की नाकाचा ठसा?

ओलिताचा पंप आता पुष्कळ गावांतून घरबसल्या चालू करता येतो. थ्री-फेज वीज रात्री-अपरात्री येते. अशा वेळी अंधारातून विहिरीवर जाण्याऐवजी शेतकरी मोबाइलवरून स्टार्टरला आज्ञा देतो आणि पंप सुरू होतो. ठिबक संचाच्या झडपा उघडणे-मिटणे, जमिनीतील ओल मोजून कळविणे, ही कामेही अशी जोडलेली यंत्रे करू लागली आहेत. ही सोय मोठी आहे यात शंका नाही. तथापि दुरून निरोप पाठविणारे यंत्र आपलेच आहे कशावरून, हा प्रश्न खरेदीच्या वेळी बहुधा कोणी विचारीत नाही.

ओल मोजणाऱ्या कांडीच्या नावाने दुसऱ्याच कोणी 'जमीन ओली आहे' असा खोटा निरोप धाडला, तर झडप मिटलेली राहील आणि ऐन फुलोऱ्यात पीक पाण्यावाचून सुकेल. पंपाच्या बाबतीत तर प्राणाशीच गाठ आहे. विहिरीत माणूस उतरलेला असताना पंप सुरू होता कामा नये. म्हणून पंपाला हात लावण्यापूर्वी मुख्य स्विच हातानेच पाडावा. मोबाइलवर 'बंद' दिसते एवढ्यावर कधीही विसंबू नये.

ही भीती काल्पनिक नव्हे. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक प्रणालीने जगभरातील असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यात घेतले. तिची युक्ती अगदी साधी होती. कारखान्याने घालून दिलेली नावे व पासवर्ड यांच्या साठेक जोड्या ती एकामागून एक लावून पाहत असे. मालकांनी ते बदललेच नव्हते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबर रोजी या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील डिन या कंपनीवर हल्ला चढविला आणि अनेक मोठी संकेतस्थळे काही तास मिळेनाशी झाली.

पासवर्ड म्हणजे जनावराच्या कानातील बिल्ला होय. तो बाहेरून लावलेला असतो. काढता येतो, दुसऱ्याच्या कानात घालता येतो. परंतु गाईच्या नाकाडावरील रेषांची नक्षी तिच्याबरोबरच जन्मास येते व दुसऱ्या गाईशी जुळत नाही. यंत्रालाही असा जन्मजात ठसा असतो काय? असतो. (येथे माणसाच्या अंगठ्याचा ठसा अभिप्रेत नाही, यंत्राच्या स्वतःच्या घडणीचा आहे.) २००२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील संशोधकांनी सिलिकॉन चिपच्या घडणीतील भेदांवरून ती ओळखण्याची रीत मांडली.

एकाच कणसातील दोन दाणे जसे तंतोतंत सारखे नसतात, तशा एकाच साच्यातून निघालेल्या दोन चिपही नसतात. चिपच्या स्मृतीत हजारो बारीक घरे असतात आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक राहतो. घराच्या दोन्ही बाजू समसमान करण्याचा कारखान्याचा प्रयत्न असतो, परंतु अणूंच्या मांडणीत किंचित फरक राहतोच. बांधाच्या माथ्यावर पडलेला थेंब उतार असेल त्या अंगास ओघळतो. त्याप्रमाणे वीज येताच प्रत्येक घर आपल्या स्वाभाविक कलाने शून्याकडे किंवा एकाकडे झुकते. या सर्व घरांची मिळून जी नक्षी उमटते तोच त्या चिपचा ठसा. काही घरे अगदी काठावर असतात व ऊनथंडीप्रमाणे कल बदलतात. त्या चुका गणिताने दुरुस्त करून दर वेळी तीच गुप्त किल्ली सिद्ध केली जाते. वीज गेली की किल्लीही नाहीशी होते, म्हणून बंद यंत्र उघडून पाहणाऱ्याच्या हाती ती आयती लागत नाही.

ओळख पटविताना ही किल्ली बाहेर पाठवीत नाहीत. सर्व्हर दर खेपेस नवा आकडा विचारतो व यंत्र किल्लीच्या साहाय्याने त्याचे उत्तर देते. त्यामुळे कालचे उत्तर चोरून ऐकणाऱ्यास ते आज उपयोगी पडत नाही.

हा ठसा अभेद्य आहे असे विक्रेता म्हणाल्यास मात्र मान डोलावू नये. या पद्धतीच्या काही प्रकारांत पुष्कळ प्रश्नोत्तरे गोळा करून संगणकाला हुबेहूब नक्कल शिकविता येते, हे २०१० साली दिसून आले. २०१३ साली बर्लिनमधील संशोधकांनी स्मृतीचा ठसाही दुसऱ्या चिपवर उमटवून दाखविला. अर्थात त्यास प्रयोगशाळेतील फार महागडी साधने लागली. शिवाय ठसा यंत्र ओळखतो, माणूस नव्हे. मालकाचा मोबाइलच परक्या हाती पडला, तर खरे यंत्र खोट्या मालकाची आज्ञा मुकाट्याने पाळील.

ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांसोबत खरेदीस गेल्यास विक्रेत्यास स्पष्ट विचारावे : प्रत्येक संचाची किल्ली वेगळी आहे की सर्वांना एकच, आणि ती चिपच्या ठशातून निघते की स्मृतीत लिहून ठेवलेली असते? उत्तर लेखी घ्यावे. गावात आधीच बसविलेल्या यंत्रांत ही सोय नसेल, तर निदान कारखान्याचा पासवर्ड त्याच दिवशी बदलून द्यावा. जुना संच विकताना सर्व्हरवरील आपल्या नावची त्याची नोंद रद्द करून घ्यावी. नाहीतर तो दुसऱ्याच्या शेतात बसेल आणि तिथली ओल आपली म्हणून कळवीत राहील.