पळालेल्यांचा पाठलाग

टीव्हीवर सायकलींची शर्यत लागली की आपल्या वयाची मंडळी म्हणतात, "चार-चार तास नुसते पेडल मारतात, त्यात बघायचे काय?" २०१८ च्या मे महिन्यात इटलीची प्रसिद्ध 'जिरो' शर्यत यरुशलेमहून सुरू झाली. पुढे ती हैफा ते तेल अवीव आणि बेरशेवा ते एलात अशी धावली. रंगीबेरंगी घोळका डोळ्यांसमोरून गेला, पण आतला डाव पुष्कळांना कळला नाही. तो आपण समजून घेऊ.

पहिली गोष्ट वाऱ्याची. पुढे असणारा वारा अंगावर घेतो. त्याच्या मागच्या चाकाला चिकटून चालवणाऱ्याला साधारण एक-तृतीयांश जोर कमी लागतो. म्हणून एकटा कितीही दमदार असला तरी आळीपाळीने पुढे येणाऱ्या जथ्यापुढे त्याचा टिकाव लागणे कठीण.

दुसरी गोष्ट संघाची. मोठ्या शर्यतींत एका संघात आठ जण असतात. जिंकायचे एकाने, राबायचे बाकीच्यांनी. प्रमुखाला वाऱ्यापासून आडोसा देणे, पाण्याच्या बाटल्या आणणे, वेळ पडल्यास आपले चाक काढून देणे ही त्यांची कामे. फ्रेंच लोक अशा गड्याला 'दोमेस्तीक' म्हणतात, म्हणजे घरगडी.

तिसरी गोष्ट पाठलागाची. सुरुवातीला चार-पाच जण फुटून पळतात. जथा त्यांना मुद्दाम जाऊ देतो, कारण त्यांना लगेच पकडले तर दुसरे पळतील. त्यांना काही मिनिटे पुढे राहू द्यायचे आणि शेवटी गाठायचे. फ्रेंच समालोचक रोबेर शापात यांचा ठोकताळा असा की जथा दर दहा किलोमीटरला एक मिनिट भरून काढतो. पण पाठलागात दमायचे कोणी? ज्याचा गडी पुढे पळाला आहे तो संघ स्वस्थ बसतो. बाकीचे एकमेकांकडे बघतात. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कोणी?

२५ जुलै २०२१ रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या १३७ किलोमीटरच्या शर्यतीत नेमके हेच घडले. सुरुवातीलाच पाच जणी पळाल्या. त्यांत आपल्या इस्राएलची ओमेर शापिरा होती आणि ऑस्ट्रियाची एकुलती एक स्पर्धक आना कीसनहोफर, गणिताची डॉक्टर. अंतर दहा मिनिटांवर गेले. नेदरलँड्सच्या चार नामवंत बायका जथ्यात होत्या, म्हणून बाकीच्यांनी पाठलागाचा भार त्यांच्यावर टाकला. त्यांनीही वेळेवर जोर लावला नाही. शेवटच्या चाळीसेक किलोमीटरांत आना सोबतिणींना सोडून एकटीच पुढे गेली. ऑलिंपिकमध्ये कानातले रेडिओ नसतात. जथ्याने अखेरीस शापिरा आणि पोलंडची प्लिख्ता यांना गाठले, तेव्हा डच बायकांना वाटले, आता पुढे कोणी उरले नाही. त्यांच्यातली फान फ्लोइटेन हात उंचावत रेषेपार झाली. सुवर्ण मिळाले असे तिला वाटले, पण आना १ मिनिट १५ सेकंद आधीच पोहोचली होती.

तेव्हा पुढच्या वेळी शर्यत लागली तर पडद्यावर दोनच गोष्टी पाहा: पळालेले किती मिनिटे पुढे आहेत, आणि जथ्याच्या तोंडाशी कोणत्या रंगाचे सदरे राबत आहेत. तिथे कोणीच राबत नसेल, तर टीव्ही बंद करू नका.