डब्यातली बँक

विरारहून चर्चगेटला निघालेल्या लोकलचा लेडीज डबा. वसई येईपर्यंत तिघींच्या बाकावर चौथी टेकलेली असते. कुणी मांडीवर पिशवी पसरून गवार मोडतेय, कुणी अर्धवट झोपेत. नायगाव सुटतं, खाडीचा पूल लागतो आणि एका पर्समधून स्टीलची चिमुकली डबी बाहेर येते. आत सात चिठ्ठ्या. बारापैकी पाच जणींचा नंबर आधीच लागून गेलाय. ग्रुपमधली सगळ्यात धाकटी डोळे मिटून एक चिठ्ठी उचलते. भाईंदर यायच्या आत बारा हजार रुपये कुणाचे ते ठरलेलं असतं. फॉर्म नाही, सही नाही, जामीन नाही.

ही भिशी. हिशेब पोरखेळ वाटावा इतका साधा. बारा जणी, महिना हजार रुपये. दर महिन्याला जमलेली रक्कम एकीला. वर्षभरात प्रत्येकीने बारा हजार भरले, बारा हजार उचलले. मग मिळवलं काय?

गंमत इथेच आहे. एकटीने घरात साठवले असते, तर बारा हजार हातात यायला प्रत्येकीला बारा महिने लागले असते. भिशीत पहिलीला ते पहिल्याच महिन्यात मिळतात, दुसरीला दुसऱ्यात. सरासरी काढा, साडेसहा महिने! आणि अगदी शेवटची? तिला बाराव्या महिन्यात, म्हणजे एकटीने साठवले असते तेव्हाच. अकरा जणींना लवकर आणि उशीर एकीलाही नाही, तेही व्याजाचा एक पैसा न देता. हा वेळ आला कुठून? बारा घरांतल्या डाळीच्या डब्यांत नुसते पडून राहिले असते, ते पैसे फिरत राहिले, म्हणून. १९९३ साली बेस्ली, कोट आणि लाउरी या अर्थशास्त्रज्ञांनी हेच समीकरणांत मांडलं. बायका ते आधीपासूनच करत होत्या.

आणि फक्त आपल्याकडच्या नव्हेत. पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा समाजात भिशीचं नाव ‘एसुसु’. गुलाम म्हणून जहाजांत कोंबून नेलेल्या माणसांचं सगळं हिरावलं गेलं, पण ही रीत त्यांच्याबरोबर अटलांटिक ओलांडून गेली. त्रिनिदादमध्ये ती ‘सू-सू’ झाली, जमैकात ‘पार्डनर’. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनला गेलेल्या कृष्णवर्णीयांना बँका दारात उभं करेनात, तेव्हा कित्येकांनी पार्डनरच्या पैशातून घराची पहिली रक्कम भरली. अशा भिश्या चालवणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांना कॅनडातल्या अभ्यासक कॅरोलिन शेनाझ हुसेन ‘बँकर लेडीज’ म्हणतात.

पण या गणिताला एक भोक आहे. पहिलीने पैसे उचलले आणि पुढचे हप्ते बुडवले तर? बँक अशा वेळी दागिने गहाण मागते. इथे गहाण असते ती उद्याची गाडी. तोच डबा, तेच चेहरे, आणि गर्दीत ‘ये गं, बस’ म्हणत सरकणारी तीच मैत्रीण. ते गमावून विरार ते चर्चगेट साठ किलोमीटर रोज उभ्याने कोण जाईल?

तरीही भिशीतली खरी नवलाई कुठल्याच समीकरणात येत नाही. कधी चिठ्ठी उघडली जाते, नाव वाचलं जातं, आणि जिचं नाव निघालं ती समोर बघते. समोरचीच्या लेकीचं बाळंतपण तोंडावर आलंय. तिने काही मागितलेलं नसतं, फक्त आज ती जरा गप्प असते.

“या वेळेला तू घे गं. मला कुठे घाई आहे?”

घाई असते. गळक्या पत्र्याचं काम पावसाच्या आधी उरकायचं असतं. याची पावती फाटत नाही, कुठल्या फलकावर नाव लागत नाही. दान हा शब्दही कुणी काढत नाही. ती आपली चिठ्ठी पुन्हा घडी घालून डबीत टाकते आणि समोरचीच्या पिशवीतली मूठभर गवार मोडायला घेते.