खाडीच्या चिखलातली मासेमारी

कळव्याच्या आसपास ठाण्याची खाडी अरुंद आहे. पाणी ओसरले की तिवरांच्या पुढे काळ्या चिखलाचा पट्टा उघडा पडतो. इथली मासेमारी याच चिखलात चालते.

या कामाचे घड्याळ तिथी असते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. समुद्रापासून आत आलेल्या खाडीत पाणी थोडे उशिरा चढते, तो फरक अनुभवाने धरायचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याला ओढ असते, तेव्हा खुंटांना बांधलेल्या पिशवीसारख्या बोकशीत कोळंबी येते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, पाणी मंदावते. पाग फेकणारा बोयांच्या थव्याची चाहूल लागेपर्यंत जाळे हातावर तोलून उभा राहतो; शिशाच्या गोळ्यांनी जाळे गोल पसरून तळाला बसते. निवट्या मात्र हातानेच धरायच्या. गुडघाभर चिखलात पाय रोवून कोपरापर्यंत हात बिळात घालायचा. बिळातून चिंबोरी बाहेर काढली की नांग्या लगेच दोरीने बांधतात.

हे मासे विकायचे काम मुख्यतः कोळणींचे. त्या वजनापेक्षा वाट्यांनी विकतात, आणि घरात पैसा फिरतो तो त्यांच्या हातून. विकून उरलेले कालवणात जाते. म्हणून बाजारातल्या आवकेवरून या मासेमारीची किंमत ठरवणे अपुरे आहे. घरचे सकस जेवण त्या हिशेबात धरलेच जात नाही. खाडीशी असलेले नातेही नुसते हिशेबाचे नाही: नारळी पौर्णिमेला पलीकडच्या चेंदणी कोळीवाड्यातून खाडीला नारळ वाहिला जातो, आणि कार्ल्याच्या एकवीरेची चैत्रातली यात्रा कोळी कुटुंबे सहसा चुकवत नाहीत.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, शहरांचे सांडपाणी, भराव आणि साचणारा गाळ यांनी मासळी घटवली. 2015 मध्ये खाडीचा खालचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, 2022 मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. पाखरांना मिळालेली ही मान्यता योग्यच आहे. त्याच चिखलावर जगणाऱ्या माणसांच्या हक्काची दखल मात्र न्यायालयात जाऊन मिळवावी लागली. वाशीजवळच्या तिसऱ्या खाडीपुलाच्या प्रकरणात 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बाधित मच्छीमारांचा नुकसानभरपाईचा हक्क मान्य केला.